येवल्याची घोषणा : एकाचा निश्चय आणि अनोळखी बांधवांचे ऋण

दि. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी येवल्यास भरलेल्या अस्पृश्यांच्या परिषदेत परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी धर्मांतराची जी घोषणा केली, ती प्रथमपुरुषी एकवचनी होती. हिंदू म्हणून जन्मास येणे आपल्या हाती नव्हते, परंतु हिंदू म्हणून मरणे नाकारणे आपल्या हाती आहे, असा तिचा आशय. परिषदेचे स्वागताध्यक्ष अमृतराव रणखांबे होते. सुमारे दहा हजारांचा समुदाय जमला होता व त्यात हैदराबाद संस्थान आणि मध्यप्रांत येथूनही प्रतिनिधी आले होते. एवढ्या समुदायासमोर 'आपण' न म्हणता 'मी' का म्हटले गेले, हा प्रश्न आम्हांस महत्त्वाचा वाटतो. कारण हा 'मी' पाहून काही टीकाकारांनी येवल्याची घोषणा म्हणजे एका दुखावलेल्या विद्वानाचा वैयक्तिक उद्वेग, असा निष्कर्ष काढला आहे.

हा निष्कर्ष तपासावयाचा तर त्या वर्षातील बाबासाहेबांची स्थिती ध्यानी घ्यावी लागते. १ जून १९३५ रोजी ते मुंबईच्या शासकीय विधी महाविद्यालयाचे प्राचार्य झाले. दादरला 'राजगृह' उभे होते, ग्रंथसंग्रह होता, परदेशातील पदव्या होत्या. त्याआधी पाचच दिवस, २७ मे रोजी, माता रमाई निवर्तल्या होत्या. दुःखी माणसाने ग्रंथांत मन रमवावे, आणि स्वतःपुरता एखादा धर्म स्वीकारून मोकळे व्हावे, यास कोणाची हरकत होती? उलट घोषणेनंतर मुस्लिम, ख्रिस्ती व शीख पुढाऱ्यांकडून निमंत्रणे आली. सारनाथच्या महाबोधी सोसायटीनेही बौद्ध धम्माकडे येण्याचे आवाहन केले. वैयक्तिक मुक्तीच हवी असती तर ती पुढच्या महिन्यातच मिळाली असती.

ती त्यांनी घेतली नाही. याचे मूळ शोधण्यासाठी आम्ही सहा वर्षे मागे जातो. मनमाड जंक्शनवरून एक लोहमार्ग दक्षिणेस येवल्याकडे वळतो, दुसरा पूर्वेस चाळीसगावकडे जातो. १९२९ साली मुंबई सरकारने अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांच्या चौकशीसाठी स्टार्टे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली होती, आणि बाबासाहेब तिचे सभासद होते. खानदेशातील काम आटोपून मुंबईस परतताना धुळे मार्गावरील एका गावी सवर्णांनी अस्पृश्यांवर टाकलेल्या बहिष्काराची चौकशी करण्यासाठी ते चाळीसगावला उतरले. तेथील महार मंडळी स्थानकावर आली व एक रात्र मुक्काम करावा म्हणून विनवू लागली. बाबासाहेबांचा बेत थेट मुंबईस जाण्याचा होता. बहिष्काराची चौकशी हे समितीचे काम होते. हा मुक्काम मात्र कोणत्याही नियमात बसत नव्हता. तरी त्यांनी होकार दिला.

पुढील हकीकत त्यांनी स्वतः लिहून ठेवली आहे. परतल्यावर महारवाड्यात नेण्यास एकही टांगेवाला तयार होईना. महाराला टांग्यात बसवणे त्याला कमीपणाचे वाटे. पाहुण्याने पायी जावे हे यजमानांस पटेना. अखेर टांगा भाड्याने मिळाला, पण हाकणारा नाही. मग त्यांच्यातलाच एक जण, ज्याने कधी टांगा हाकला नव्हता, तो पुढे बसला. नदीवरील पुलाजवळ टांगा उधळला. बाबासाहेब फरशीवर फेकले गेले, पाय मोडला, घोडा व टांगा नदीत कोसळला. बॅरिस्टर झालेल्या अस्पृश्याहूनही टांगेवाला स्वतःस श्रेष्ठ समजतो, हे त्यांनी तेथे जाणले.

या प्रसंगात आम्हांस दोन गोष्टी दिसतात. टांगेवाल्याची निर्दयता ही पहिली, आणि ती सर्वपरिचित आहे. दुसरीकडे सहसा कोणी लक्ष देत नाही. ज्यांच्यासाठी बाबासाहेब थांबले, त्या लोकांनीही त्यांच्या सन्मानासाठी स्वतःस न येणारे काम अंगावर घेतले. हे नाते उपकारकर्ता आणि उपकृत यांचे नव्हे.

विनयपिटकातील महावग्गात अतिसाराने आजारी भिक्खूची कथा येते. तो मलमूत्रात पडला होता. सहकारी भिक्खूंनी त्याची शुश्रूषा केली नाही, कारण तो त्यांच्या कोणत्याच उपयोगाचा नव्हता. तथागतांनी आनंदाच्या साहाय्याने त्यास स्वहस्ते धुतले, आणि मग संघास समज दिली. स्वतःच्या साधनेत गुंतलेल्या भिक्खूंचा हा दोष लहान नव्हता. आमच्या मते त्यांनी साधनेचा अर्थच चुकीचा लावला होता.

परंतु दुसऱ्यास मदत करणे म्हणजे त्यास पाठीवर वाहून नेणे, असेही बाबासाहेबांनी मानले नाही. येवल्यासच काळाराम मंदिराचा, २ मार्च १९३० पासून चाललेला, सत्याग्रह थांबविण्याचा निर्णय झाला. बंद दाराशी याचना करण्यात आयुष्ये खर्ची घालू नका, हा त्याचा अर्थ. ३१ मे १९३६ रोजी दादर येथे केलेल्या 'मुक्ती कोन पथे?' या भाषणाच्या शेवटी त्यांनी तथागतांनी आनंदास दिलेला, स्वतःवरच विसंबण्याचा उपदेश सांगितला. म्हणजे येवल्याचा 'मी' हा आदेश नव्हता. आपला निर्णय सांगून त्यांनी प्रत्येकास त्याचा 'मी' उच्चारण्यास मोकळे ठेवले, आणि तो उच्चारला जाईपर्यंत स्वतः एकवीस वर्षे वाट पाहिली. या काळास केवळ राजकीय डावपेच म्हणणाऱ्यांनी हे विसरू नये.

या निर्णयाची किंमतही त्या अनोळखी लोकांनी जाणून मोजली. १९५६ नंतर बौद्ध झालेल्यांस केंद्राच्या अनुसूचित जातींच्या सवलती नाकारल्या गेल्या. त्या १९९० साली कायदादुरुस्तीने मिळाल्या. नोकरी, शिष्यवृत्ती, राखीव जागा ही सामान्य कुटुंबाची वैयक्तिक उद्दिष्टेच होत. ती पणाला लावून लोक नागपूरला आले.

दि. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात बाबासाहेबांनी प्रथम महास्थविर चंद्रमणी यांच्याकडून दीक्षा घेतली, मग उपस्थित जनसमुदायास स्वतः दिली. त्या वेळी प्रकृती ढासळलेली होती. चालताना आधार लागे. १५ ऑक्टोबर रोजी उशिरा पोहोचलेल्यांस पुन्हा दीक्षा देण्यात आली. १६ तारखेस ते चांद्याला गेले, कारण तेथेही माणसे वाट पाहत होती.