लिनक्समधील मेमकॉपी प्रकरण
लिनक्स या संगणक परिचालन प्रणालीतील बहुतेक आज्ञावली नित्याची कामे ‘जीलिबसी’ या सामायिक लायब्ररीकडून करून घेतात. त्यामुळे लायब्ररी बदलली, की हात न लावलेली आज्ञावलीही बिघडू शकते. नोव्हेंबर २०१० मध्ये फेडोरा १४ ही आवृत्ती आली आणि ६४-बिट फ्लॅश प्लेअरमधील आवाज विकृत ऐकू येऊ लागला. शोधाअंती दोष ‘मेमकॉपी’ या कार्याशी निगडित आढळला. स्मृतीच्या एका भागातील मजकूर दुसऱ्या भागात उतरविताना ते भाग परस्परव्यापी नसावेत, असा मानकाचा दंडक आहे. फ्लॅशने तो पाळला नव्हता. परंतु पूर्वी मजकूर आरंभाकडून अंताकडे उतरत असल्याने चूक झाकली जाई. वेगासाठी काही प्रोसेसरांवर ही दिशा उलटताच ती उघडी पडली. लिनस टॉर्व्हाल्ड्स यांनी स्वतः लिहिलेली पर्यायी मेमकॉपी लायब्ररीआधी भरून आवाज पूर्ववत करता येतो, असे दाखविले. लायब्ररीच्या कर्त्यांनी मानकावर बोट ठेवले, तर टॉर्व्हाल्ड्स यांनी वापरणाऱ्याची अडचण महत्त्वाची मानली. व्यवहारदृष्ट्या त्यांचीच बाजू सबळ होती. २०११ मधील २.१४ या आवृत्तीत मेमकॉपीला नवे आवृत्तिचिन्ह मिळाले आणि जुन्या आज्ञावलींना जुन्याच चिन्हाखाली परस्परव्यापी भागही सुरक्षितपणे उतरविणारे कार्य पुरविण्यात आले.