पाचवा गिअर आधी, रस्ता मागून

अमरावती-अकोला हा शंभरेक किलोमीटरचा रस्ता चार गिअरच्या गाडीने मी कितीदा कापला, याची गणती नाही. काटा सत्तरच्या पुढे गेला की इंजिन असे काही गर्जे, की शेजारच्याशी बोलायला मूर्तिजापूरच्या चहापर्यंत थांबावे!

दोष गाडीचा नव्हता. मॉरिस ऑक्सफर्डवर बेतलेली अ‍ॅम्बॅसेडर १९५०च्या दशकाच्या अखेरीस बाजारात आली, तेव्हा रस्ता बैलगाडीशी वाटून घ्यायचा होता. त्याला चार गिअर पुरत. चौथ्यात इंजिनाचा एक फेरा म्हणजे मागे जाणाऱ्या शाफ्टचाही एकच. पाचवा इथे सवलत देतो. त्याचे गुणोत्तर ०.८ असले, तर शाफ्टच्या ३००० फेऱ्यांना इंजिनाचे २४०० फेरे पुरतात. आवाज घटतो, झीजही.

पुढे खुद्द हिंदुस्थान मोटर्सनेच कॉन्टेसाला आणि मग अ‍ॅम्बॅसेडरला इसुझुचे १८०० सीसीचे इंजिन दिले, सोबत पाच गिअरची पेटी. त्यामुळे जुन्या गाडीला अशी पेटी बसवणे म्हणजे इतिहासाची मोडतोड, हे मला पटत नाही. शाफ्टची लांबी मात्र जुळवून घ्यावी लागते, आणि ब्रेक जुनेच आहेत हे विसरू नये. काढलेली पेटी भंगारात देऊ नका, एवढी विनंती.

रस्त्याने मात्र वेळ घेतला. जून २०२२ मध्ये याच महामार्गावर लोणी ते माना ७५ किलोमीटरचा डांबरी पट्टा १०५ तास ३३ मिनिटांत सलग टाकला गेला; गिनेस बुकात नोंद झाली. अ‍ॅम्बॅसेडरचे उत्पादन २०१४ सालीच थांबले होते.