पाकळीला शब्द मिळाला तेव्हा

पान वेगळे नि पाकळी वेगळी, हे मराठी मुलाला शाळेत जाण्यापूर्वीच ठाऊक असते. युरोपातील पंडितांना मात्र हा भेद शब्दांत पकडावयास फार काळ लागला. त्यांच्या लॅटिनमध्ये झाडाचे पान आणि फुलाची पाकळी दोन्ही ‘फोलियम’च! नेपल्सच्या फाबिओ कोलोनाने पाकळीसाठी ‘पेटालम’ हा निराळा शब्द सुचविला. पण त्याच्या मुळाशी असलेल्या ग्रीक शब्दाचा अर्थही पानच होता.

१६९४ मध्ये जर्मनीतील ट्युबिंगेनच्या कामेरारियसने परागावाचून बी धरत नाही, हे प्रयोगांनी दाखविले. फुलाचे अवयव मग नुसते शोभेचे राहिले नाहीत. त्यांना नेमकी नावे हवी झाली. १७५१ मध्ये स्वीडनच्या लिनीअसने ‘फिलॉसॉफिया बोटॅनिका’ या ग्रंथात त्यांच्या व्याख्या बांधून दिल्या. तरी पाकळ्यांखालच्या हिरव्या पानांना सुटसुटीत नाव नव्हतेच. ‘सेपालम’ हा शब्द १७९० मध्ये नेकरने घडविला.

आपल्या पाठ्यपुस्तकांत पाकळी झाली दल आणि तिच्याखालचे हिरवे पान निदल. पण दल म्हणजेही पान. बेलाचे त्रिदल आपण वाहतोच. कोलोनाने सोडविलेली गाठ आपण पुन्हा मारली म्हणावयाची! दलपुंज, पुमंग, जायांग हे शब्द शास्त्राला हवेतच, कारण त्यांचा अर्थ पक्का आहे. मात्र मुलाच्या हाती जास्वंद देऊन आधी ‘पाकळी’ म्हणावे, मग ‘दल’. नाही तर व्याख्या पाठ होते आणि फूल पाहावयाचे राहून जाते.