अफूच्या पेठेतली वेदना

उज्जैनला गेलेल्या आपल्या बायका महाकालाचं दर्शन घेतात, संध्याकाळी रामघाटावर शिप्रेची आरती बघतात आणि परततात. घाटामागच्या या गावाची आणखी एक ओळख आहे, ती कुणी सांगत नाही. इथे शिंद्यांची राजधानी होती. दौलतरावांनी १८१०च्या सुमारास ती ग्वाल्हेरला नेली. त्या काळात आणि पुढेही उज्जैन ही माळव्याच्या अफूची मोठी पेठ होती.

अनारशावर आपण जी खसखस लावतो, ती याच झाडाची. बोंड हिरवं असताना त्याला चिरा दिल्या की चीक गळतो, तो सकाळी खरवडून घ्यायचा. हीच अफू. बोंड वाळलं की आत खसखस.

कंपनी सरकारला बंगालच्या अफूची मक्तेदारी राखायची होती, त्यामुळे माळव्याचा माल डोळ्यांत खुपायचा. अडवून पाहिलं, पण तो दमणच्या, कराचीच्या वाटेनं चीनला जातच राहिला. शेवटी १८३०च्या सुमारास पेटीमागे पैसे घेऊन मुंबईपर्यंतचे परवाने द्यायला सुरुवात झाली. जमशेटजी जीजीभाईंसारख्या मुंबईच्या बड्या व्यापाऱ्यांच्या संपत्तीत या अफूचा वाटा होता. आणि इकडे उज्जैन-इंदूरला शेतकऱ्याला आगाऊ रक्कम देणाऱ्या सावकारांत आपलेही लोक होते. आता बघा, श्रावकाला वर्ज्य असलेल्या पंधरा कर्मादानांत ‘विषवाणिज्य’ स्पष्ट लिहिलेलं आहे. खसखस बहुबीज म्हणून ताटात नको, पण पेट्या वखारीत चालतात, असा हा हिशेब! आपल्या समाजाच्या इतिहासात मंदिरं कुणी बांधली हे येतं. पैसा कुठून आला, हेही यायला हवं असं मला वाटतं.

अर्थात अफू ही नुसती नशा नव्हती. खोकला, हगवण, कंबरदुखी, सगळ्यावर घरात तेच औषध. मुंबईच्या गिरण्यांत जाणाऱ्या आया तान्ह्याला ‘बाळगोळी’ देऊन निजवायच्या. त्या गोळीतही अफूच. त्या आयांना नावं ठेवणं सोपं आहे, पण दिवसभर पोराजवळ बसायला होतं कोण?

एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी अफूतून मॉर्फिन वेगळं काढता आलं आणि दुखण्यावरचं सगळ्यात जोरकस औषध डॉक्टरांच्या हाती आलं. त्याच जातीच्या गोळ्या अमेरिकेत १९९०नंतर जुनाट पाठदुखीला सर्रास दिल्या गेल्या. शरीराला सवय होते, मात्रा वाढते, दुखणं मात्र पुरतं जात नाही. असे लाखो लोक तिथे गोळीत अडकले.

अशाच फासात अडकायची भीती एका मारवाडी व्यापाऱ्याला त्याच्या कितीतरी आधी वाटली होती. ब्रह्मदेशातले सत्यनारायण गोयंका. त्यांना अर्धशिशीचा भयंकर त्रास, त्यावर मॉर्फिनची इंजेक्शनं. पुढे व्यसन लागेल असं डॉक्टरांनी बजावलं. परदेशात फिरून उपाय सापडला नाही. १९५५ साली ते रंगूनला ऊ बा खिन यांच्याकडे गेले, तर त्यांनी आधी नकारच दिला. डोकेदुखी घालवायला येत असाल तर येऊ नका, म्हणाले! पुढे गोयंका शिकले, १९६९ साली मुंबईत पहिलं शिबिर घेतलं आणि १९७६पासून इगतपुरीचं केंद्र उभं राहिलं. आपल्यापैकी कितीजणी तिथे दहा दिवस मौनात बसून आल्या आहेत!

विपश्यनेत ‘वेदना’ म्हणजे शरीरावर जाणवणारी कुठलीही संवेदना, सुखाचीसुद्धा. मराठीत मात्र त्या शब्दाला दुखणं तेवढं उरलं. आपल्याकडे वेदनीय कर्माचे दोन भेद शिकवतात, साता आणि असाता. म्हणजे जुना अर्थ आपणही जपलेला आहे. ठणका आला की तो कुठे आहे, किती आहे, सरकतो का, हे नुसतं बघायचं. ‘आता माझं कसं होणार’ ही त्यावर चढणारी दुसरी वेदना वेगळी ओळखायची.

अमेरिकेत जॉन कबाट-झिन यांनी १९७९पासून इस्पितळात हेच शिकवलं, धर्माचं नाव न घेता. २०२५ साली एका मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष आले. अफूवर्गीय औषधं घेणारे, जुनाट कंबरदुखीचे ७७० रुग्ण होते. आठ आठवडे, आठवड्याला दोन तास, काहींना ध्यान आणि काहींना विचारांची सवय बदलणारी मानसोपचार पद्धती. वर्षभरानंतर दोन्ही गटांत दुखणं थोडं कमी, हालचाल बरी, औषधाची मात्राही उतरलेली. ध्यान काही वरचढ ठरलं नाही, आणि हे मला प्रामाणिक वाटतं. चमत्काराच्या गोष्टी आपल्याकडे आधीच भरपूर आहेत.

त्यातली एक उज्जैनचीच. अवंती सुकुमाल, इतका नाजूक वाढलेला मुलगा, मुनी होऊन कायोत्सर्गात उभा राहिला. कोल्ही पिलांसह येऊन त्याचं शरीर खात राहिली, तो हलला नाही. शिप्रेच्या बाजूलाच असलेल्या अवंती पार्श्वनाथ मंदिराचा संबंध परंपरा त्याच्याशी जोडते. प्रवचनात ही कथा आली की बाईच्या वाट्याला तात्पर्य येतं: सहन करा. कंबर धरून पोळ्या लाटणाऱ्या सुनेला सुकुमालाचा दाखला देतात! अहो, त्याने ते स्वतः निवडलं होतं. आणि कायोत्सर्ग म्हणजे देहाचं ममत्व सोडणं, कण्हणं गिळणं नव्हे.

तशी गोळीही एकदम सोडायची नसते. सवय झालेलं शरीर उलटतं, म्हणून डॉक्टरांच्या देखरेखीखाली मात्रा हळूहळू उतरवतात. आणि कॅन्सरच्या दुखण्यात तर मॉर्फिन हवंच. १९८५च्या अमली पदार्थ कायद्यानंतर परवान्यांच्या जाचाला कंटाळून कितीतरी औषधालयांनी ते ठेवणंच बंद केलं. केरळचे डॉ. एम. आर. राजगोपाल यांच्यासारखे लोक वर्षानुवर्षं झगडले, तेव्हा २०१४ साली कायदा सैल झाला. तरीही खेड्यातल्या रुग्णाला ते सहज मिळत नाही. इकडे मंदसौर-नीमचच्या शेतांत सरकारी परवान्याने अफू पिकते आहे, आणि नीमचच्या सरकारी कारखान्यात तिच्यातून औषधाचा माल निघतो आहे.