मेळ्याचे तिकीट : भैरवगढच्या निमित्ताने

उज्जैनच्या उत्तरेस, क्षिप्रेच्या काठी भैरवगढ वसले आहे. काळभैरवाचे मंदिर, त्याच्यापासून थोड्या अंतरावर सिद्धवट, छिपा मंडळींची कापडछपाई आणि मध्यवर्ती कारागृह ही तेथील चार ठिकाणे एकमेकांच्या शेजाराने नांदत आली आहेत. भैरवाष्टमीच्या उत्सवात काळभैरवाची सवारी निघते तेव्हा देवाच्या मस्तकी शिंदे घराण्याची पगडी असते. सिद्धवटाकडे जाताना सवारी कारागृहाच्या दारी थांबते व तेथील अधिकारी पूजा करतात. काळभैरव हा महाकालाचा सेनापती, त्याचा कोतवाल. नगरात कोण आला, कोण गेला हे पाहणे कोतवालाचे काम. म्हणूनच त्याचे दर्शन घेतल्यावाचून उज्जैनची यात्रा पुरी होत नाही, असे आपल्या घरांतून सांगत आले आहेत. प्रस्तुत लेखात मात्र आम्हांला दुसऱ्याच एका तपासणीविषयी लिहावयाचे आहे. ती आगगाडीच्या तिकिटाची. एका दिवशी, एका ठिकाणी, लक्षावधी माणसे येऊ लागली म्हणजे त्यांच्याकडून भाडे कसे घ्यावे, न देणाऱ्यास कसे अडवावे, आणि ज्याच्याकडून घेतले त्याला काय द्यावे, हा प्रश्न सिंहस्थाइतकाच नेमाने परत येत असतो.

यात्रेकरूस वाटेत अडवून पैसे घेण्याची चाल आगगाडीहून कितीतरी जुनी आहे. अकबराने १५६३ साली यात्राकर उठविला. पुढे तो ठिकठिकाणी पुन्हा सुरू झाला. काशी, प्रयाग व गया येथील करातून दक्षिणी यात्रेकरूंना सूट मिळावी म्हणून मराठ्यांच्या मुत्सद्द्यांनी केलेल्या खटपटी इतिहासाच्या अभ्यासकांस परिचित आहेत. ते वाचताना ऊर भरून येतो खरा. पण नाण्याची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. १७५१ पासून १८०३ पर्यंत ओरिसा नागपूरकर भोसल्यांच्या ताब्यात होता आणि जगन्नाथपुरीच्या यात्रेकरूंकडून त्यांचे अंमलदार कर घेतच होते. एकीकडे सूट मागणारे आणि दुसरीकडे वसुली करणारे असे दोन्हीही आपलेच पूर्वज होते.

इंग्रजांनी पुरी घेतल्यावर १८०६ साली हा कर आपल्या नावे चालू केला आणि त्याची मोठी बारकाईने प्रतवारी लावली. सर्वांत वरच्या प्रतीचा तो ‘लाल जात्री’. उत्तरेकडून येणाऱ्या अशा यात्रेकरूस दहा रुपये पडत. त्याखाली ‘निम लाल’, त्याखाली ‘भरंग’. अगदी कंगाल यात्रेकरू, तसेच बैरागी व संन्यासी यांना माफी असे. वसुलीची जागा होती अठरानाला, म्हणजे गावाच्या तोंडावरचा जुना पूल. पूल अरुंद, त्यामुळे चुकवून जाण्यास वाव कमी. १८४० साली कंपनी सरकारने हा कर बंद केला. त्यास ख्रिस्ती मिशनऱ्यांची ओरड कारणीभूत झाली. यात्रेकरूंच्या हालांचा वाटा त्यात गौणच होता. आमच्या विषयाच्या दृष्टीने ध्यानात ठेवण्याच्या गोष्टी दोन : वसुलीला अरुंद दार लागते, आणि कोणास सोडावे याचा नियम लिहून ठेवलेला असला तर गरिबाला निदान तो दाखविता येतो.

उज्जैनला असा एकच पूल कधी नव्हता. नदी मोकळी, घाट लांबच लांब, वाटा चहूकडून. राणोजी शिंद्यांच्या काळात, अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात, रामचंद्रबाबा सुखटणकरांनी महाकालाचे मंदिर नव्याने उभारले. सिंहस्थाच्या मेळ्यास शिंदेशाहीचा आश्रय लाभला आणि दौलतरावांनी १८१० साली लष्कर-ग्वाल्हेरला राजधानी नेल्यानंतरही तो चालू राहिला. आपल्यापैकी पुष्कळांचे मूळपुरुष याच काळात कारकुनी, पुजारीपण वा शिलेदारी करीत येथे आले. तेव्हा येणारा यात्रेकरू पायी येई, बैलगाडीने येई. त्याच्या हाती तिकीट नसे.

तिकीट आले ते आगगाडीबरोबर, आणि माळव्यात आगगाडी आणण्यासाठी पैसा मराठी संस्थानिकांनी दिला. खंडवा-इंदूर मार्गासाठी तुकोजीराव होळकरांनी एक कोटी रुपये साडेचार टक्के व्याजाने, एकशे एक वर्षांच्या मुदतीवर कर्जाऊ दिले. नीमचकडील मार्गासाठी जयाजीराव शिंद्यांनी पाऊण कोटी दिले. फतेहाबादवरून मीटरगेजचा फाटा उज्जैनला आला आणि १८९६ साली भोपाळकडून मोठ्या रुळांचा मार्ग येऊन मिळाला. पुरीचा तो अरुंद पूल आता प्रत्येक तीर्थाच्या स्टेशनात येऊन बसला. फाटक एक, बाहेर पडणारे हजारो, आणि फाटकाशी काळा कोट. कर घेणाऱ्यांच्याही ही सोय लक्षात आली. गावाच्या वेशीवर माणूस बसविण्यापेक्षा कर तिकिटातच मिळवून टाकणे सोपे. १९५६ साली संसदेने रेल्वे प्रवाशांवरील टर्मिनल कराचा कायदा केला, तो तीर्थक्षेत्री व मेळ्याला येणाऱ्याजाणाऱ्या प्रवाशांस डोळ्यांसमोर ठेवूनच.

या पैशाच्या मोबदल्यात प्रवाशास काय मिळत होते? मेळ्याच्या दिवसांत डबे कमी पडत, म्हणून मालाच्या वाघिणी जोडीत आणि त्यांत माणसे भरीत. १९१५ सालच्या हरिद्वारच्या कुंभास गांधीजी गेले, तेव्हा सहारनपूरपासून त्यांना माल वा गुरे नेण्याच्या बिनछपराच्या डब्यातून जावे लागले. वर माध्यान्हीचे ऊन, खाली तापलेला पत्रा. हे त्यांनी आत्मचरित्रात नोंदविले आहे. दोनच वर्षांनी, १९१७ साली, तिसऱ्या वर्गाच्या प्रवासावर त्यांनी स्वतंत्र लेख लिहिला. भाडे माणसाचे आणि जागा गुरांची, हा व्यवहार तेव्हा उघड चालत होता. त्या वाघिणीत चढणाऱ्याचे तिकीट मात्र काटेकोरपणे तपासले जाई.

तिकीट चुकविणारे सगळे गरीबच असत असेही नाही. पाच वर्षांखालील मुलास तिकीट नाही असा नियम असल्यामुळे अनेक प्रतिष्ठित घरांतील सात-आठ वर्षांची मुले फलाटावर पाऊल टाकताच चार वर्षांची होत आणि घरी पोहोचल्यावर पुन्हा वाढत. तपासनीसही संसारी माणूस. तो हसून पुढे जाई. कायद्याची ही मऊ बाजू धोतर-पगडीच्या वाट्याला अधिक येत असे, एवढे येथे नमूद करतो.

मेळ्याची ही अडचण आपल्याच देशापुरती नाही. युरोपात देवदर्शनाला जितकी माणसे लोटत नसतील तितकी शनिवार-रविवारी फुटबॉलच्या सामन्यांस लोटतात, आणि त्यांचीही ने-आण करावी लागते. आपल्याकडेही २९ जुलै १९११ रोजी कलकत्त्यास मोहन बागानने ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटला हरवून आय.एफ.ए. शील्ड जिंकली, त्या दिवशी ईस्ट इंडियन रेल्वेने खास गाडी सोडली होती आणि जादा स्टीमर लावले होते. जर्मनीत या गर्दीवर एक साधी तोड निघाली : सामन्याचे तिकीट हेच त्या दिवसापुरते ट्राम, बस व आगगाडीचे तिकीट. प्रवासाचा खर्च त्यातच धरलेला असतो, त्यामुळे दारात उभे राहून प्रत्येकाचा खिसा तपासण्याची गरज उरत नाही. २००६ सालच्या विश्वचषकाला तेथे हीच पद्धत होती, आणि २०२४ सालच्या युरोपीय स्पर्धेत सामन्याच्या तिकिटावर ३६ तास स्थानिक प्रवास करता येत असे. रशियाने २०१८ साली तर यजमान शहरांमधल्या खास गाड्या प्रेक्षकांसाठी विनामूल्य ठेवल्या. मात्र त्या गाडीतही प्रत्येकाच्या नावे तिकीट निघे आणि त्यावर आसनाचा क्रमांक असे. भाडे शून्य, पण जागा नक्की.

याच ठिकाणी आमच्या मते सगळे मर्म आहे. मैदानाला दार आहे, दाराआड मोजलेल्या खुर्च्या आहेत. तेवढीच तिकिटे निघतात आणि तेवढ्यांचीच सोय करावी लागते. क्षिप्रेला दार नाही आणि ते कोणी बसवूही नये. रामघाटावर डुबकी मारण्यास तिकीट लागत नाही, भैरवाला नैवेद्य दाखविण्यास लागत नाही. त्यामुळे जर्मनीची युक्ती आपल्याला जशीच्या तशी उपयोगी नाही. पण तिच्या मागचा विचार, म्हणजे तिकीट विकणाऱ्याने आधी आपली जागा मोजावी हा, येथेही लागू पडतो, आणि आश्चर्य असे की तो आपल्या कायद्यातही आहे.

आजचा रेल्वे कायदा १९८९ सालचा. तो संमत झाला तेव्हा रेल्वे खाते माधवराव शिंदे यांच्याकडे होते. सिंहस्थास आश्रय देणाऱ्या घराण्याच्या वंशजाच्या कारकिर्दीत मेळ्याच्या प्रवाशाचा कायदा नव्याने लिहिला गेला, हा योग आपल्यासारख्यांना विशेष वाटावा. त्यातील १३७ वे कलम कपटाने विनातिकीट प्रवास करणाऱ्यास सहा महिन्यांपर्यंत कैद सांगते. १३८ वे कलम भाड्याव्यतिरिक्त जादा आकार घेण्याचे. ही रक्कम भाड्याइतकी किंवा अडीचशे रुपये, यांपैकी जी अधिक असेल ती. नागद्याहून वा देवासहून तीसचाळीस रुपयांच्या आत येणाऱ्या म्हातारीला अडीचशेचा भुर्दंड म्हणजे काय, हे सांगावयास नको. १३९ वे कलम थोडे दयाळू आहे : सोबत पुरुष नसलेल्या स्त्रीस वाटेल त्या स्टेशनात उतरवू नये, जेथून ती निघाली तेथे, किंवा जंक्शनवर, शेवटच्या स्टेशनवर अथवा जिल्ह्याच्या ठिकाणी, आणि तेही दिवसा उतरवावे. उज्जैन जंक्शनही आहे आणि जिल्ह्याचे ठिकाणही. तेव्हा तेथे या दयेचा उपयोग दिवस मावळल्यावरच.

साधूंची गोष्ट निराळी. भस्म, जटा आणि त्रिशूळ घेऊन डब्यात बसलेल्या जमातीकडे तिकीट मागण्याच्या भानगडीत तपासनीस सहसा पडत नाही. आम्हांला साधूंचा हेवा नाही; पुरीच्या करातही बैराग्यांस माफी होतीच. परंतु तेथे ती नियमात लिहिलेली होती आणि तिच्याशेजारी कंगाल यात्रेकरूही लिहिलेला होता. आजची माफी कोठेच लिहिलेली नाही, म्हणून ती संख्येने व आवाजाने मोठ्या असलेल्यांना मिळते. सिद्धवटावर पतीचे श्राद्ध करण्यास आलेल्या एकट्या विधवेकडे त्रिशूळ नसतो.

आता ५७ वे कलम. प्रत्येक प्रकारच्या डब्यात जास्तीत जास्त किती प्रवासी बसतील हे रेल्वे प्रशासनाने ठरवावे, असे ते सांगते. तिकीट हा दोघांमधला करार आहे, याची ही खूण. प्रवाशाने भाडे द्यावे, गाडीने जागा द्यावी. प्रवाशाच्या बाजूची तपासणी शंभर वर्षे चालू आहे. गाडीच्या बाजूची कोणी केली? १० फेब्रुवारी २०१३ रोजी कुंभाच्या दिवसांत अलाहाबाद स्टेशनात चेंगराचेंगरी होऊन तीसहून अधिक माणसे दगावली. १५ फेब्रुवारी २०२५ रोजी प्रयागला निघालेल्या गर्दीत नवी दिल्ली स्टेशनात अठरा जण गेले. तिकीट हाती असून गाडीत पाय ठेवता न आलेल्यांच्या हकिकती त्या दिवसांत वर्तमानपत्रांत आल्या. त्यानंतर दिल्लीच्या उच्च न्यायालयाने ५७ व्या कलमाची आठवण देऊन, डब्यात मावतील त्याहून अधिक तिकिटे का विकली जातात, असे रेल्वेला विचारले. कायदा होऊन तेव्हा पस्तीस वर्षे झाली होती.

उज्जैनचा पुढील सिंहस्थ २०२८ साली आहे. २०१६ साली फतेहाबादचा फाटा रुंदीकरणासाठी बंद होता. तो १५ नोव्हेंबर २०२१ रोजी मोठ्या रुळांचा होऊन पुन्हा सुरू झाला, त्यामुळे चिंतामण गणेशाच्या बाजूने या वेळी एक वाट अधिक मिळेल. उत्तरेकडची वाट मात्र गेली ती गेलीच. १९३२ साली सुरू झालेली उज्जैन-आगर छोटी गाडी १९७५ साली बंद पडली, रूळही उखडले गेले. तेव्हापासून स्टेशनावरून भैरवगढला जाणारा यात्रेकरू टेम्पोच्या, पुढे मॅजिकच्या आणि आता ई-रिक्षाच्या हवाली आहे. या प्रवासात तिकीट नाही, तपासनीस नाही आणि दरपत्रकही नाही. पर्वणीच्या दिवशी चालक सांगेल ते भाडे. आगगाडीत ज्याला अडीचशे रुपयांचा धाक असतो, तोच माणूस स्टेशनबाहेर आला की त्याच्याकडून जास्त घेणाऱ्यास कसलाच धाक उरत नाही.

यासाठी मोठा खर्च नको. स्टेशनच्या फाटकाशी एक आणि काळभैरवाच्या थांब्यावर एक असे दोन फलक, त्यांवर ठरलेले भाडे ठळक अक्षरांत, आणि शेजारी तक्रार ऐकणारा एक माणूस. हिंदीच्या खाली एक ओळ मराठीतही असावी. नाशिक-पुण्याकडून, नागपूर-अमरावतीकडून येणारे पुष्कळ असतात, आणि त्यांतले निम्मे तरी आपल्याच कोणाच्या घरी उतरणार असतात.