मानभाव, कसाब आणि कुलूपबंद पोथी

'बोलणी मानभावाची, करणी कसाबाची' ही म्हण मराठी शाळेत शिकलेल्या बहुतेकांनी ऐकलेली असते. एकाच ओळीत दोन जमातींचा उद्धार! मानभाव म्हणजे महानुभाव पंथाचे लोक, आणि कसाब म्हणजे आपली कुरेशी बिरादरी. परतवाडा-अचलपूरकडे ही दोन्ही माणसे एकाच बाजारात वावरतात, म्हणून इथे ती जरा जास्तच बोचते. कोशातून, म्हणींच्या संग्रहांतून ती काढूनच टाकावी असे कोणाला वाटले तर नवल नाही. पण कात्री हाती घेण्यापूर्वी म्हणीतल्या पहिल्या शब्दाचा इतिहास पाहावा. तो आपल्या घराशेजारचाच आहे.

परतवाड्याहून चांदूर बाजार ओलांडून मोर्शीकडे निघाले की वाटेत रिद्धपूर लागते. चक्रधरस्वामींच्या नंतर, सन १२७८ च्या सुमारास, याच गावी म्हाइंभटांनी 'लीळाचरित्र' सिद्ध केले. मराठी गद्याचा हा आद्य ग्रंथ. स्वामींना पाहिलेल्या, ऐकलेल्या माणसांकडे जाऊन म्हाइंभटांनी आठवणी गोळा केल्या आणि नागदेवाचार्यांकडून तपासून घेतल्या. हे नागदेवाचार्य म्हणजे संस्कृतात प्रश्न विचारणाऱ्या पंडित शिष्यांना अडवणारे गृहस्थ. त्यांचे म्हणणे असे की, संस्कृतात बोलू लागलो तर माझ्या म्हाताऱ्या बाया वंचित होतील. दोन जणांच्या आठवणी जुळल्या नाहीत तर दोन्ही लिहायच्या आणि कोणती कोणाची ते नावासह नोंदवायचे, अशी या पंथाची रीत पोथ्यांमधून दिसते. आपल्याकडे हदीस सांगताना रावींची साखळी सांगतात. तिची आठवण इथे झाल्यावाचून राहत नाही.

मग काळ फिरला. १२९६ मध्ये अलाउद्दीन खिलजी एलिचपूरमार्गे, म्हणजे आजच्या अचलपूरवरूनच, देवगिरीवर गेला. पुढच्या धामधुमीत मूळ पोथ्या गेल्या आणि मुखोद्गत असलेल्यांकडून ग्रंथ पुन्हा जुळवावा लागला, असे पंथाची परंपरा सांगते. हे वाचताना आपल्यातले काही जण अस्वस्थ होतात. होऊ नये. फौजा कोणाच्याही असोत, त्यांच्या पायाखाली कागद तुडवला जातोच, आणि ज्यांचा तुडवला गेला त्यांना ते सांगायचा हक्क आहे.

चौदाव्या शतकात महानुभावांनी आपले ग्रंथ सांकेतिक लिप्यांत लिहायला सुरुवात केली. 'सकळ' ही त्यांतली मुख्य लिपी. एका अक्षराच्या जागी दुसरे अक्षर घालायचे. किल्ली माहीत नसलेल्याला नुसती चिन्हे दिसत. निंदकांच्या आणि अनधिकाऱ्यांच्या हाती धर्मग्रंथ पडू नये, हा हेतू. हेतू समजण्यासारखा आहे, पण परिणाम भयंकर झाला. म्हाताऱ्यांना समजावे म्हणून ज्या पंथाने मराठी धरली, त्याचे पुस्तक मराठी माणसाला सुमारे सहाशे वर्षे वाचता आले नाही. कोणत्याही राजाने बंदी न घालता! पुस्तक समोर नसले की अफवा तिची जागा घेते. काळे कपडे घालणारे हे लोक आत काय करतात, याच्या कहाण्या पिकल्या. 'महानुभाव' या थोर शब्दाचा 'मानभाव' झाला आणि 'मानभावी' म्हणजे ढोंगी, असा अर्थ मराठीत कायमचा बसला.

विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत वि. का. राजवाड्यांनी सकळ लिपी उलगडून दाखवली. वि. ल. भावे, यवतमाळचे य. खु. देशपांडे, नागपूरचे ह. ना. नेने यांनी ग्रंथ उजेडात आणले. वि. भि. कोलते यांनी संपादिलेले 'लीळाचरित्र' १९७८ मध्ये राज्य शासनाच्या साहित्य संस्कृती मंडळाने छापले. त्यातल्या काही लीळांवर पंथातूनच कडक आक्षेप आले. श्रद्धाळू माणसाला आपल्या स्वामींविषयीची एखादी आठवण नको वाटणार, हे आपल्याला कोणी वेगळे समजवायला नको. पण ज्या पुस्तकाने सहाशे वर्षांची बदनामी खोडून काढली, तेही सबंध नको वाटावे, हा दैवदुर्विलास म्हणायचा.

आता आपल्याकडे वळू. ऑक्टोबर १९८८ मध्ये सलमान रश्दीच्या 'सॅटॅनिक व्हर्सेस'च्या आयातीवर भारत सरकारने बंदी घातली. ती मागणाऱ्यांत आपण होतो, आणि मागणाऱ्यांतल्या फारच थोड्यांनी ते पुस्तक पाहिले होते. बंदी आल्यावरही २४ फेब्रुवारी १९८९ रोजी मुंबईत मोर्चा निघाला, गोळीबार झाला, १२ माणसे गेली. नोव्हेंबर २०२४ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयासमोर सरकारला बंदीची ती अधिसूचनाच दाखवता आली नाही. न्यायालयाने ती अस्तित्वातच नाही असे मानले आणि पुस्तक दुकानांत आले. कोठे दगड पडला नाही. त्या बारा घरांना मात्र याचे काय वाटले असेल?

दुसरीकडे, २०१७ मध्ये राज्याच्या सातवीच्या इतिहासातून मोगलांची पाने मोठ्या प्रमाणावर गेली. एनसीईआरटीच्या बारावीच्या पुस्तकातून मोगल दरबाराचे प्रकरण वगळल्याचे २०२२ मध्ये जाहीर झाले, तेव्हा आपण संतापलो. रास्त होते. पण नको ते पान फाडायचे हत्यार एकदा सरकारच्या हाती दिले, की ते कोणाच्या पानावर चालवायचे हे आपल्याला विचारून ठरत नाही. विलायतेत २०२३ मध्ये रोआल्ड डालच्या बालकथांतले लठ्ठ, कुरूप असे शब्द प्रकाशकाने बदलले. ओरड झाल्यावर जुन्या शब्दांची आवृत्तीही ठेवावी लागली. हेतू तिथेही चांगलाच होता.

म्हणून ती म्हण कोशात राहू द्यावी, असे मला वाटते. शाळेच्या पुस्तकात मुलांकडून घोकून घ्यायची गरज नाही, ती गोष्ट वेगळी. कोशात मात्र तिच्या शेजारी लिहावे की, ही कोणी कोणाविषयी केली, का केली, आणि ज्यांच्याविषयी केली त्यांचे स्वतःचे म्हणणे काय होते. उद्या ती पुसली, तर आपल्या आजोबांना बाजारात काय ऐकावे लागत होते याचा पुरावा नातवाला कोठे मिळणार?

रिद्धपूरला आता मराठी भाषा विद्यापीठ झाले आहे. २०२४ पासून तिथे वर्ग भरतात. कोशासाठी नव्याने नोंदी लिहायच्याच, तर 'मानभाव' आणि 'कसाब' या दोन तिथल्या पोरापोरींना द्याव्यात. एखादी अचलपूरची कुरेशी मुलगी त्यांत असली तर फारच बरे.