डाव आणि व्यूह

नाशिकहून पश्चिमेस निघालेला रस्ता सावळघाट ओलांडून पेठेस पोंचतो आणि पुढें धरमपूरच्या बाजूनें गुजरातेंत उतरतो. डोंगरांच्या सोंडा, खोल दऱ्या, दाट रान आणि पावसाळ्यांत वाट अडविणाऱ्या नद्या, असा हा मुलूख आहे. अशा ठिकाणीं मोठी फौज आणि लहान तुकडी यांतील अंतर एकाएकीं कमी होतें. कारण अरुंद वाटेवर एका वेळीं थोडींच माणसें लढूं शकतात. मराठ्यांचा गनिमी कावा पोथ्यांतून जन्मास आला नाहीं, तो सह्याद्रीनें शिकविला, असें नेहमीं म्हटलें जातें. परंतु डोंगरानें सुचविलेली युक्ति शिपायाच्या हातापायांत उतरली कशी, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. त्याचें उत्तर तालमींत शोधावें लागतें.

पेठेच्या पूर्वेस वणी-दिंडोरीचा प्रदेश आहे. १६७० च्या ऑक्टोबरांत सुरतेची दुसरी लूट घेऊन शिवाजीमहाराज परतत असतां दाऊदखान कुरेशी त्यांच्या मागावर आला. १७ ऑक्टोबर रोजीं येथें लढाई जुंपली. महाराजांनीं मालमत्ता व पायदळ पुढें रवाना केलें आणि स्वतः निवडक स्वारांनिशीं शत्रूस अडविण्याकरितां पाठीमागें राहिले. त्यांनीं अंगांत बख्तर घातलें व हातीं पट्टे चढविले, असें सभासदाच्या बखरींत वर्णन आहे. मोगलांच्या आघाडीचा सरदार इखलासखान घाईनें चालून आला, तो जखमी होऊन घोड्यावरून पडला. दाऊदखान मागाहून पोंचला. तोंपर्यंत खजिना दूर गेला होता.

या प्रसंगांत पट्टा हें शस्त्र सहज आलेलें नाहीं. पट्ट्याची मूठ कोपरापर्यंत हात झांकते आणि मनगट जखडून टाकते. त्यामुळें वार मनगटानें करतां येत नाहीं. खांदा, कंबर आणि पाय हीं सारीं एकत्र फिरावीं लागतात. भोंवतीं शत्रूंचें कडें पडलें असतां एकट्यानें आपल्याभोवतीं मोकळें रिंगण राखावें, हा त्या शस्त्राचा खरा उपयोग. पिछाडी राखणाऱ्या तुकडीचें कामही हेंच असतें. फरी-गदग्यानें ढाल-तलवारीचा सराव होई, बोथाटीनें घोडेस्वाराच्या भाल्याचा. तालमींतील प्रत्येक खेळामागें रणांतील एखादें काम उभें होतें. पवित्रा, पेच, हूल, डाव हे शब्द आखाड्यांतही चालतात आणि राजकारणांतही, तें उगाच नव्हे.

चीन देशाच्या इतिहासांत हेंच नातें अधिक स्पष्ट दिसतें. बलवानाचें बळ टाळावें आणि त्याच्या उणिवेवर घाव घालावा, ही शिकवण सुन-त्झूच्या युद्धग्रंथांत फार प्राचीन काळीं मांडली गेली. सोळाव्या शतकांत छी जीग्वांग या सेनापतीनें किनाऱ्यावरील चांच्यांचें पारिपत्य केलें. त्यानें गांवोगांवच्या साध्या माणसांस लहान तुकड्यांत बांधलें. कोणाच्या हातीं ढाल, कोणाच्या हातीं लांब भाला, अशा रीतीनें एकाची उणीव दुसऱ्यानें भरून काढावी. १५६० च्या सुमारास त्यानें सैनिकी शिक्षणावर ग्रंथ लिहिला आणि त्यांत नि:शस्त्र झुंजीचे ३२ पवित्रे दिले. मोठ्या लढाईंत या विद्येचा फारसा उपयोग नाहीं, हें तो मोकळेपणानें मान्य करतो. परंतु शरीर चपळ करण्याचा व युद्धकलेंत प्रवेश करण्याचा तो पहिला दरवाजा आहे, असें त्याचें मत होतें.

पुढें सतराव्या शतकांत होनान प्रांतांतील चेन घराण्यांत जी विद्या वाढली व ताय-ची या नांवानें प्रसिद्धीस आली, तिच्यांतील पुष्कळ पवित्र्यांचीं नांवें या ग्रंथांतील नांवांशीं जुळतात. ही विद्या 'आंतरिक' मानतात. कारण तींत स्नायूंच्या जोरापेक्षां तोल, श्वास आणि चित्ताची स्थिरता यांवर भर असतो. दोघे शिष्य एकमेकांच्या हातांस हात लावून उभे राहतात. समोरच्याचा जोर आला कीं अडवावयाचा नाहीं. त्यास वाट द्यावयाची, त्याचा तोल कोठें सुटतो तें स्पर्शानें जाणावयाचें आणि मग ढकलावयाचें. सुन-त्झूचें वचन येथें दोन तळहातांत येऊन बसतें.

अशी उदाहरणें नाशिकच्या भूमींतही सांपडतात. दुसऱ्या बाजीरावाच्या दरबारीं निजामाकडील अली व गुलाब या मल्लांनीं आव्हान दिलें, तें याच जिल्ह्यांतील बाळंभटदादा देवधरांनीं स्वीकारलें. परंपरा सांगते कीं ते लगेच आखाड्यांत उतरले नाहींत. त्यांनीं मुदत मागितली, वणीच्या सप्तशृंगीवर जाऊन साधना केली आणि मल्लखांबाची विद्या घेऊन परतले. मग अली हरला. आख्यायिकेंतील दैवी भाग बाजूस ठेवला तरी तींतील नीति स्पष्ट आहे: शत्रूनें नेमलेल्या वेळीं लढूं नये.

१८१८ मध्यें पेशवाई बुडाली, फौजा मोडल्या. तरी विद्या तालमींत टिकली, बाजीरावाबरोबर ब्रह्मावर्तासही गेली. येवल्याचे तात्या टोपे तेथेंच वाढले. १८५८ च्या जूनपासून पुढील एप्रिलपर्यंत त्यांनीं इंग्रजांच्या कित्येक पलटणींस हुलकावणी देत नर्मदाही ओलांडली. राज्य गेलें, पण पवित्रा गेला नव्हता.

मात्र विद्या टिकणें वेगळें आणि तिचा अर्थ टिकणें वेगळें. चीनमध्यें १९५६ सालीं ताय-चीचा २४ पवित्र्यांचा सुटसुटीत क्रम लोकांच्या आरोग्यासाठीं बांधला गेला. मल्लखांबाची जागतिक स्पर्धा २०१९ मध्यें मुंबईंत झाली. त्यांत वाईट कांहींच नाहीं. अशा प्रसारानेंच या कला जगल्या. परंतु खांबाला पायांचा विळखा घालणाऱ्या मुलास तो विळखा मूळ प्रतिस्पर्ध्यासाठीं होता, हें कोणी सांगितलें नाहीं, तर त्याच्याजवळ नुसती कसरत उरेल. व्यूहावांचून डाव म्हणजे करमणूक, आणि डावावांचून व्यूह म्हणजे कोरडा उपदेश. पेठेचे डोंगर आजही उभे आहेत; त्यांनीं शिकविलेला धडा हातापायांनीं पुन्हा गिरविला, तरच तो समजतो.